काटा खाली राहिला, म्हणून आनंद मानावा का?

जुन्या मोटारगाडीत पुढे बसण्याची संधी मिळाली, की चालकासमोरच्या तबकड्यांकडे एकदा नीट पाहा. वेग दाखवणारी मोठी तबकडी सर्वांच्या ओळखीची असते. तिच्या शेजारी बहुधा दोन लहान तबकड्या असतात. एक टाकीत किती पेट्रोल आहे ते सांगते. दुसरीच्या एका टोकाला निळी खूण आणि दुसऱ्या टोकाला तांबडी खूण असते. हा इंजिनाच्या तापमानाचा काटा. गाडी सुरू करताना तो निळ्या खुणेपाशी असतो, हळूहळू वर चढतो आणि काही मिनिटांत मध्याजवळ येऊन थांबतो.

हा काटा तांबड्या खुणेकडे चालला, तर कोणताही शहाणा चालक गाडी बाजूला घेतो. पण तो निळ्या खुणेपासून फारसा हललाच नाही, तर? बहुतेक लोक म्हणतात, "इंजिन अगदी गार चालते आहे. फार छान!" नेमक्या याच समाधानाविरुद्ध मला आज बोलायचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की आपल्याला आवडणारे मोजमाप हे नावडत्या मोजमापाइतकेच तपासले पाहिजे. खाली राहिलेला काटा ही चांगली बातमी नाही, तो एक प्रश्न आहे. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची रीत शाळेत शिकवता येते, आणि ती शिकवली पाहिजे.

कमी तापणे हाही दोषच

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील हुपरीचे नाव तुम्ही ऐकले असेल. चांदीचे पैंजण आणि इतर दागिने घडवण्यासाठी हुपरी देशभर प्रसिद्ध आहे. तिथल्या एखाद्या कारागिराला विचारा, की धातू जास्त तापला तर नुकसान, मग कमी तापला तर बरे ना? तो हसेल. शुद्ध चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. मुशीतला धातू पुरेसा तापला नाही, तर तो साच्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. सांधा जोडताना डाख पुरेसा तापला नाही, तर तो वाहत नाही आणि सांधा कच्चा राहतो. प्रत्येक कामाला आपले एक योग्य तापमान असते आणि त्याच्या वरचे जसे वाईट, तसे खालचेही वाईट, हे त्याला पुस्तकाशिवाय ठाऊक असते.

मोटारीच्या इंजिनाचेही तसेच आहे. इंजिनाभोवती खेळणारे पाणी साधारण ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान असावे, अशा हिशेबाने बहुतेक गाड्यांची रचना केलेली असते. पाणी पन्नास-साठ अंशांवरच रेंगाळले तर काय होते? पेट्रोलची वाफ नीट होत नाही, आणि इंजिन चालते ठेवण्यासाठी जास्त पेट्रोल द्यावे लागते. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून वंगणाच्या तेलात मिसळते आणि तेल पातळ होते.

आणखी एक गोष्ट रसायनशास्त्राच्या तासाला करून पाहण्यासारखी आहे. पेट्रोलच्या जागी ऑक्टेन धरून ज्वलनाचे समीकरण लिहा आणि वजनांचा हिशेब करा. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळले, की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते! गरम इंजिनातून ते वाफेच्या रूपाने निघून जाते. थंड इंजिनात मात्र त्यातली काही वाफ सिलिंडरच्या भिंतींवर आणि तेलात पाणी होऊन बसते. ज्वलनातून निर्माण झालेले आम्लधर्मी वायू त्या पाण्यात विरघळतात आणि धातू झिजू लागतो. म्हणजे "गार" इंजिन आतून हळूहळू खराब होत असते, आणि मालक मात्र काटा पाहून निर्धास्त असतो.

एक लहानसा द्वारपाल

पाणी योग्य तापमानावर ठेवण्याचे काम थर्मोस्टॅट नावाचा एक लहान भाग करतो. तो मुठीत मावतो. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधल्या वाटेवर तो द्वारपालासारखा बसलेला असतो. त्याच्या पोटात एका धातूच्या डबीत मेण भरलेले असते. इंजिन थंड असताना दार बंद असते, त्यामुळे पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरते आणि लवकर तापते. ठरावीक तापमानाला, समजा ८२ अंशांना, मेण वितळू लागते. वितळताना ते प्रसरण पावते, एका दांड्याला ढकलते आणि दार उघडते. पाणी थंड झाले, की मेण आकसते आणि स्प्रिंग दार पुन्हा लावते. वीज नाही, संगणक नाही, फक्त प्रसरणाचा नियम! अमेरिकेतील सर्जियस व्हर्ने याने १९३० ते १९४० या दशकात ही मेणाची युक्ती पुढे आणली. त्याआधीच्या थर्मोस्टॅटमध्ये लवकर उकळणारा द्रव भरलेला धातूचा भाता असे.

आता आपल्याकडची एक जुनी समजूत पाहा. "थर्मोस्टॅट हा थंड देशांसाठी. आपल्याकडे ऊन एवढे, इथे त्याचे काय काम? काढून टाका." हा सल्ला तुम्ही कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकलाच असेल. तो किती पटण्यासारखा वाटतो! पण आकडे मांडून पाहा. हिवाळ्यातल्या सकाळी हवा १५ अंशांवर असेल, कडक उन्हाळ्यात दुपारी ती ४० अंशांवर जाईल. इंजिनाला हवे आहेत ८५ अंश. म्हणजे कडक उन्हातली हवाही इंजिनापेक्षा ४५ अंशांनी थंडच असते. इंजिनाच्या दृष्टीने आपला देश गरम नाहीच, तो जरा कमी थंड आहे, एवढेच.

शिवाय काही इंजिनांत हाच थर्मोस्टॅट उघडताना दुसरी एक जवळची वाट बंद करतो. तो काढून टाकला, तर बरेचसे गरम पाणी रेडिएटरकडे न जाता त्या जवळच्या वाटेने परत इंजिनात फिरते. मग चढावर किंवा ओझे असताना तेच इंजिन जास्त तापते. गार ठेवण्यासाठी केलेला उपाय असा उलटतो.

हा सल्ला देणाऱ्या कारागिराला मूर्ख समजू नका. त्याच्याजवळ एक खरे कारण आहे. बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट थोड्याच वेळात इंजिनाचा नाश करतो, तर उघडा अडकलेला किंवा काढून टाकलेला थर्मोस्टॅट सावकाश नुकसान करतो. रस्त्यात अडकलेली गाडी घरापर्यंत नेण्यासाठी तो काढला, तर ते समजण्यासारखे आहे. पण तात्पुरता उपाय कायमचा करणे आणि त्याला शास्त्राचा आधार असल्याचे भासवणे, हे मला मान्य नाही. योग्य उपाय एकच आहे, नवा थर्मोस्टॅट बसवणे.

काटा खोटे बोलत असेल तर?

आतापर्यंत आपण काट्यावर विश्वास ठेवून बोललो. पण काटा खाली आहे याचा अर्थ इंजिन थंड आहे असाच होतो का? नाही. इंजिनातल्या पाण्यापासून तुमच्या डोळ्यांपर्यंत बातमी पोचायला चार मुक्काम लागतात. पहिला मुक्काम पाणी. दुसरा, पाण्यात बुडालेला सेन्सर. तिसरा, सेन्सरपासून तबकडीपर्यंतची तार आणि तिचे सांधे. चौथा, स्वतः तबकडी. यांतल्या कोणत्याही मुक्कामावर बातमी बिघडू शकते.

सेन्सरची गोष्ट मोठी मजेची आहे. साध्या धातूची तार तापली, की तिचा विद्युतरोध वाढतो. पण १८३३ साली मायकेल फॅरडे याला असे आढळले, की सिल्व्हर सल्फाइड या पदार्थाचे उलटे आहे. तो तापला, की त्यातून वीज अधिक सहज वाहते. हे सिल्व्हर सल्फाइड म्हणजे काय? चांदीचे पैंजण बरेच दिवस उघडे राहिले, की त्यांच्यावर जे काळे पुट चढते, तेच हे! हुपरीचे कारागीर ज्या काळेपणाला पुसून काढतात, त्यानेच अर्धवाहकांच्या अभ्यासाची पहिली चाहूल दिली. आजच्या सेन्सरमध्ये सिल्व्हर सल्फाइड नसते, मँगनीज, निकेल यांसारख्या धातूंची ऑक्साइडे असतात. पण गुण तोच. पाणी थंड असताना रोध जास्त, पाणी तापले की रोध कमी. या भागाला थर्मिस्टर म्हणतात.

आता ओहमचा नियम लावू या. उदाहरणापुरते आकडे घेऊ. बॅटरी १२ व्होल्टची, तबकडीचा रोध ६० ओहम आणि गरम पाण्यातल्या सेन्सरचा रोध ४० ओहम. एकूण रोध १०० ओहम, म्हणून प्रवाह ०.१२ अँपिअर. एवढ्या प्रवाहाने काटा मध्यावर येतो असे समजा. आता तारेचा एक सांधा गंजला आणि त्याने ६० ओहम रोध वाढवला. एकूण रोध झाला १६० ओहम आणि प्रवाह उतरला ०.०७५ अँपिअरवर. काटा खाली आला. पाणी मात्र तितकेच गरम आहे! गंज नसता आणि पाणी थंड असून सेन्सरचा रोध १०० ओहम असता, तरी प्रवाह बरोबर ०.०७५ अँपिअरच आला असता. तबकडीला या दोन परिस्थितींतला फरक कळण्याचा काहीही मार्ग नाही. ती तापमान मोजतच नाही, ती प्रवाह मोजते. त्या प्रवाहाचे तापमान आपण करतो, आणि तेही बाकी सगळे ठीक आहे असे गृहीत धरून.

गंजाशिवायही कारणे असू शकतात. अनेक जुन्या सेन्सरना एकच तार असते, कारण विजेची परतीची वाट सेन्सरच्या आट्यांतून इंजिनाच्या धातूत जाते. नवा सेन्सर बसवताना पाणी गळू नये म्हणून आट्यांवर पांढरी टेप जाड गुंडाळली, तर ही वाट अडू शकते. काम स्वच्छ दिसते, गळती थांबते आणि काटा मात्र खाली राहतो.

सर्वांत धोक्याचे कारण पहिल्याच मुक्कामावर आहे. गळतीमुळे पाण्याची पातळी इतकी उतरली, की सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडला, तर तो पाण्याचे तापमान मोजतच नाही. तो हवेच्या किंवा वाफेच्या पोकळीत असतो. द्रव पाण्याकडून त्याला जितकी उष्णता झटपट मिळते, तितकी तिथे मिळत नाही. काटा खाली येतो आणि त्याच वेळी इंजिन पाण्याविना भाजून निघत असते. वर गेलेला काटा चालत्या गाडीत अचानक खाली पडला, तर "बरे झाले, गार झाले" असे म्हणू नका. गाडी थांबवून इंजिन बंद करण्याचा तो क्षण आहे. उसाच्या हंगामात हुपरीजवळच्या साखर कारखान्याकडे दोन-दोन ट्रेलर ओढत जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या इंजिनालाही हेच शास्त्र लागू आहे. तिथे एक इंजिन गेले, तर घरातल्या अख्ख्या हंगामाचा हिशेब बिघडतो.

आधी निदान, मग सुटा भाग

मग करायचे काय? माझा आग्रह असा, की कोणताही भाग बदलण्याआधी प्रश्नाचे दोन तुकडे करा. इंजिन खरोखर थंड आहे, की फक्त काटा तसे म्हणतो आहे? पुढच्या तपासण्या सांगतो त्या क्रमाने आणि जाणत्या मोठ्या माणसाबरोबरच कराव्या. फिरता पंखा आणि पट्टा यांच्याजवळ हात, ओढणी किंवा सैल बाही नेऊ नये. गरम रेडिएटरचे झाकण तर कधीच उघडू नये. झाकणाखाली दाब असतो, आणि हवेच्या दाबाच्या दुप्पट दाबाखाली पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडताच दाब उतरतो, ते पाणी एकदम उकळते आणि अंगावर उसळते.

पहिली तपासणी फुकटची आहे. इंजिन पूर्ण थंड असताना पाण्याची पातळी पाहणे. ती कमी असेल, तर बाकी सारे प्रश्न थांबवून गळती शोधायची.

दुसरी तपासणी हाताची. इंजिनातून रेडिएटरच्या वरच्या भागाकडे जाणारी जाड रबरी नळी असते. थंड इंजिन सुरू केल्यावर मधूनमधून तिला हलकेच स्पर्श करून पाहायचे. थर्मोस्टॅट ठीक असेल, तर कित्येक मिनिटे नळी थंड राहते आणि मग थोड्याच वेळात चटका लागेल इतकी गरम होते, कारण दार तेव्हाच उघडलेले असते. नळी अगदी सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेली, तर दार उघडे अडकले आहे किंवा कुणीतरी थर्मोस्टॅटच काढून टाकला आहे. अशा गाडीत आणखी एक लक्षण दिसते. मोकळ्या रस्त्यावर वाऱ्याने काटा आणखी उतरतो आणि गर्दीत गाडी थांबली, की थोडा चढतो. विजेचा पंखा असेल, तर तो थंड इंजिनावरही सतत फिरतो आहे का, तेही पाहावे.

तिसरी तपासणी दुसऱ्या साक्षीदाराची. दुरून तापमान मोजणारी अवरक्त किरणांची बंदूक आता बऱ्याच कारखान्यांत आणि गॅरेजांत असते. करोनाच्या साथीत कपाळाचा ताप मोजणारी बंदूक तुम्ही पाहिली असेल. ती इथे चालत नाही, कारण तिची मर्यादा शरीराच्या तापापुरतीच असते. कारखान्यातली बंदूकही आंधळेपणाने वापरू नका. चकचकीत धातू स्वतः फार कमी अवरक्त किरण बाहेर टाकतो. तापलेल्या पण झगझगीत चांदीवर ही बंदूक धरली, तर ती खूपच कमी आकडा दाखवते. म्हणून थर्मोस्टॅटच्या घराजवळचा काळा, खरबरीत पृष्ठभाग निवडावा किंवा तिथे काळी चिकटपट्टी लावून मोजावे. पाहा, दुसरा साक्षीदारही तपासूनच घ्यावा लागतो!

बंदूक ८५ अंश सांगते, नळीही वेळेवर गरम झाली आणि काटा मात्र खालीच आहे, असे दिसले तर इंजिन निर्दोष आहे. मग चौथी तपासणी विजेची, आणि ती माहीतगार कारागिरानेच करावी. एका तारेच्या जुन्या पद्धतीत सेन्सरची तार काढून तिचे टोक योग्य रोधातून क्षणभर इंजिनाच्या धातूला टेकवले, की काटा चढला पाहिजे. चढला, तर तार आणि तबकडी ठीक आहेत, दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या आट्यांमध्ये आहे. चढला नाही, तर दोष तारेत किंवा तबकडीत. एका कृतीने आपण निम्मे संशयित सोडून दिले.

चांगली तपासणी कोणती? जिचे उत्तर काहीही आले, तरी आपल्या ज्ञानात भर पडते ती. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. थर्मोस्टॅट, सेन्सर आणि तार एकदम बदलून काटा वर आला, तर पैसे गेले आणि दोष कशात होता ते कळलेही नाही.

मोठ्या जगातले एक उदाहरण

ही शिस्त फक्त गॅरेजपुरती आहे असे समजू नका. अंटार्क्टिकावरील हॅले बे येथील ब्रिटिश केंद्रात अनेक वर्षे वातावरणातील ओझोन मोजला जात होता. १९८० नंतर तिथल्या वसंत ऋतूतील मोजमापे विलक्षण कमी येऊ लागली. जोसेफ फारमन आणि त्यांचे सहकारी ब्रायन गार्डिनर व जोनाथन शँकलिन यांच्यासमोर तोच प्रश्न होता, की ओझोन खरोखर कमी झाला आहे, की जुने उपकरण चुकते आहे? त्यांनी दुसऱ्या उपकरणाने पडताळणी केली. मोजमाप कमीच आले. मग १९८५ साली त्यांनी 'नेचर' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि जगाला ओझोनच्या थरातील विवराची बातमी कळली. उपग्रहावरील यंत्रालाही कमी ओझोन दिसला होता, पण फारच कमी आलेली मोजमापे संगणकाच्या प्रक्रियेत शंकास्पद म्हणून बाजूला ठेवली गेली होती. कमी आकडा लगेच खरा मानणे ही एक चूक, आणि तो तपासल्याशिवाय खोटा मानणे ही दुसरी. दोन्हींमधली वाट म्हणजे पडताळणी.

शाळेला एक विनंती

आता शिक्षकांना दोन शब्द. जुन्या गाड्या कमी होत चालल्या आहेत. अँबॅसडर आणि मारुती ८०० यांचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईच्या प्रीमिअर पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. नव्या गाड्यांत पुष्कळदा काटाच नसतो, नुसता दिवा असतो. मग हे शिकवून उपयोग काय, असे कुणी म्हणेल. माझे उत्तर असे, की नव्या गाडीत या शिस्तीची गरज वाढली आहे. तिथे सेन्सरची बातमी माणूस वाचत नाही, संगणक वाचतो. इंजिन थंड आहे अशी चुकीची बातमी मिळाली, तर तो मुकाट्याने जास्त पेट्रोल देत राहतो. संगणकाने एखाद्या सेन्सरचे नाव दाखवले, म्हणजे तोच बिघडला आहे असे ठरत नाही. कधी त्या सेन्सरची बातमी खरी असते, कधी दोष तारेत असतो. हे समजणारा माणूस लागतोच.

म्हणून एक प्रयोग सुचवतो. जवळच्या गॅरेजमधून दोन-तीन जुने थर्मोस्टॅट मागून आणा. भंगारात ते सहज मिळतात. प्रत्येकाला उजेडासमोर धरा. थंड असतानाच दारातून फट दिसली, तर तो उघडा अडकलेला आहे. बाकीच्यांची दारे हलकेच उघडून त्यांत दोरा अडकवा आणि त्या दोऱ्यानेच त्यांना पातेल्यातल्या पाण्यात, तळाला न टेकवता, लोंबकळत ठेवा. शेजारी तापमापक ठेवा आणि पाणी सावकाश तापवा. दार उघडताच दोरा सुटेल आणि थर्मोस्टॅट खाली पडेल. त्या क्षणाचे तापमान लिहा आणि त्याच्यावर कोरलेल्या आकड्याशी ताडून पाहा. दुसऱ्या दिवशी जुना सेन्सर, नुसते टोक बुडेल असा, गरम पाण्यात धरून दर पाच अंशांना त्याचा रोध मल्टिमीटरने मोजा आणि आलेख काढा. तो सरळ रेषा येणार नाही. का येत नाही, यावर वर्गात चर्चा होऊ द्या.

आणि हो, प्रयोगाआधी तापमापकच तपासा. उकळत्या पाण्यात तो १०० दाखवतो का? कोल्हापूरच्या परिसरात त्याने १०० दाखवले, तर उलट शंका घ्या! हा भाग समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे, इथे पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते.

शेवटी एक मत, जरा स्पष्ट बोलतो. आपण सुट्या भागाचे पैसे विनातक्रार देतो, पण कारागिराने तासभर विचार करून दोष शोधला आणि एक गंजलेला सांधा घासून दिला, तर "एवढ्याशा कामाचे एवढे पैसे?" असे म्हणतो. मग तोही विचार करणे सोडतो आणि भाग बदलत सुटतो. डॉक्टरांच्या निदानाला आपण मान देतो, तसाच मान गॅरेजमधल्या निदानालाही दिला पाहिजे. तुमच्यापैकी काही जण उद्या हे काम करतील आणि बाकीचे त्यांचे गिऱ्हाईक होतील. दोघांनीही एवढे ध्यानात ठेवावे, की काटा खाली असला तर पुढचा प्रश्न "कोणता भाग बदलू?" हा नसतो. तो असतो, "हे मला कशावरून कळले, आणि दुसऱ्या कोणत्या मार्गाने ते पडताळता येईल?"